गेज नसलेल्या बाटल्या

ऐरोली, सेक्टर चार. बंद केलेल्या गॅलरीत
वॉशिंग मशीनच्या मागे मी चार बाटल्या लपवल्या.
तपकिरी, जाड बुडाच्या, दोन-दोन लिटरच्या.
गळ्याशी तारेचा चाप, चिनी मातीचं पांढरं बूच,
बुचाखाली नारिंगी रबर.
प्रत्येकीत चौदा ग्रॅम साखर, उकळून, निववून,
आईच्या केकच्या काट्यावर मोजलेली.

बिअर तशी तयारच होती. फक्त निपचित होती.
तिच्यात पुन्हा बुडबुडे यावेत म्हणून
तळाशी उरलेल्या यीस्टला एक शेवटचा घास द्यायचा
आणि दार लावून घ्यायचं.
पंधरा दिवस अंधारात. हात लावायचा नाही.

बाबांना तिसऱ्या दिवशी सापडल्या.
ते साबणाची पावडर शोधत होते.
मी ऐकून घ्यायच्या तयारीने उभा राहिलो:
संस्कार, कायदा, सोसायटी, वरच्या मजल्यावरचे गोगटे.
बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
एका बाटलीवर नखाने टिचकी मारली,
मग दुसरीवर,
म्हणाले, "प्रेशर किती?"

मला माहीत नव्हतं.
"गेज कुठंय?"
गेज नाही.
"सेफ्टी व्हॉल्व्ह?"
बाबा, बिअर आहे ही.
"बंद भांडं आहे," ते म्हणाले.

एकतीस वर्षं पावण्याच्या कंपनीत बॉयलरवर.
फर्स्ट क्लास अटेंडंटचं सर्टिफिकेट अजून हॉलमध्ये,
देव्हाऱ्याच्या वर, म्हणजे देवांच्याही वर.
शहाण्णव साली गेजची काच फुटली तेव्हा
शिरधनकर म्हणून एक होते.
त्यांच्याबद्दल घरात एवढंच ठाऊक, की होते.
आणि बाबांच्या डाव्या कोपरावर
एक गुळगुळीत जागा आहे, तिथे केस येत नाहीत.

त्या संध्याकाळी बाटल्या
लग्नकार्यातल्या ॲल्युमिनियमच्या टोपात गेल्या.
वर ओलं पोतं, पोत्यावर पाट, पाटावर वरवंटा.
आई म्हणाली, काय पुरून ठेवलंय बाप-लेकांनी!
गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी.
मे महिना. पंख्याखालीसुद्धा चौतीस.

मी एक पाचवी बाटली भरली होती, कुणाला न सांगता.
सोड्याची, प्लास्टिकची, दाबून बघायला.
काच काही बोलत नाही.
ही दगडासारखी झाली
की समजायचं, तिकडेही झालं.
रोज ऑफिसला निघताना शर्टांच्या मागे हात घालून
तिला दाबायचो.
सहाव्या दिवशी टणक.
दहाव्या दिवशी बोटं मागे यायला लागली.

सोळाव्या दिवशी वरवंटा उचलला, पोतं काढलं,
पहिलीचा चाप उघडला.
काही नाही.
ओतली. रंग सुरेख, जुन्या पितळेचा,
पण काल रात्री उरलेल्या चहासारखी गप्प.
दुसरी, तशीच. तिसरी, तशीच.
साखरेचा हिशोब पुन्हा केला. रबरं तपासली.
चौथी उघडताना आठवलं

ते, जे रोज पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी
झोपेत ऐकू यायचं:
ठस्स.
थांबून, ठस्स.
चार वेळा.
मला वाटायचं, कुकर.
पाचला कोण लावतं कुकर?

बाबा दारात, गंजीवर.
"झाली का?"
"झाली."
मी ग्लास पुढे केला.
जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाने तो उजेडात धरला,
एक डोळा बारीक करून, पाण्याची पातळी बघावी तसा.
"काही फुटलं नाही," म्हणाले,
आणि ग्लास परत दिला.
मी उभ्या उभ्या सगळा प्यालो.

प्लास्टिकची ती अजून कपाटात आहे.
उघडायची तर बाबा पेन्शनसाठी बँकेत गेल्यावर.
दोनदा जाऊन आले.
मी तिला नुसती दाबतो,
आणि शर्ट नीट लावून ठेवतो.